शमालच्या पाण्यातली पद्मिनी

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, रास तनुराच्या रिफायनरीला चिकटून रहीमा नावाचं लहानसं गाव आहे. तिथे आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर श्रीपाद आणि पद्मिनी गायधनी राहतात. श्रीपाद नाशिकचा. रिफायनरीतल्या पंपांची, कॉम्प्रेसरची देखभाल त्याच्याकडे असते. पद्मिनीचं माहेर सिन्नरचं. लहानपणी तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शेजारच्यांची विहीर, आणि त्या विहिरीत डोकावलं की आईचा धपाटा ठरलेला. इथे समुद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही घोट्यापलीकडे पाय भिजतील इतकी ती कधी पाण्यात गेली नव्हती. आम्ही बायका चांदण्यात किनाऱ्यावर चटया टाकून बसायचो तेव्हा ती पाण्याकडे पाठ करून भेळ कालवायची.

मुलगी अवनी पुण्याला कॉलेजात गेली, त्याच वर्षी पद्मिनीचा उजवा खांदा आखडला. केस विंचरता येईनात, फळीवरचा डबा काढता येईना. दुपारी घरात एकटी असताना पीठ मळता मळता ती रडायची, हे तिने मला बऱ्याच नंतर सांगितलं. औषधांनी काही होईना, तेव्हा कुणीतरी कतीफमधल्या एका दवाखान्याचं नाव सुचवलं. तिथे उमामा भेटली.

उमामा कतीफचीच. तिशीतली, फिजिओथेरपिस्ट. वडील मासेमारी करणारे, त्यामुळे चालायला लागायच्या आधी ती होडीत बसली होती. काळ्या पायघोळ अबायाखाली तिचे भडक केशरी बूट दिसायचे. तिने पद्मिनीचा हात हळूहळू वर उचलला आणि पद्मिनी कण्हल्यावर थांबून साध्या इंग्रजीत विचारलं, "दुखतंय, की दुखेल असं वाटतंय?"

पद्मिनीने खरं उत्तर दिलं. "दुखेल असं वाटतंय."

"मग अजून थोडं वर जाऊ."

दोन महिन्यांत हात कानापर्यंत आला. उमामा तिच्या दोन्ही हातांत एक काठी द्यायची आणि डावी-उजवी फिरवायला लावायची. इकडे रीतच आहे, बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची. मुलगा नसला तर मुलीच्या. त्यामुळे पद्मिनी तिच्यासाठी 'उम्म अवनी', म्हणजे अवनीची आई, झाली होती. एक दिवस काठी फिरवताना उमामा म्हणाली, "उम्म अवनी, तुम्ही वल्हं मारताय हे कळतंय का तुम्हाला? शनिवारी आम्ही काही बायका कयाक घेऊन पाण्यात जातो. या."

"मला पोहता येत नाही."

"मग आधी पोहणं, मग उलटणं, मग वल्हवणं."

"उलटणं?"

"होडी उलटतेच कधीतरी. ते आधी शिकलेलं बरं."

घरी हे सांगितल्यावर अवनी फोनवर म्हणाली, "आई, आर यू सीरियस?" श्रीपादने चहाचा कप खाली ठेवला. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "पोहायला आल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. बाकी तुझं तू बघ." एवढ्या परवानगीची तिला अपेक्षा नव्हती.

बायकांसाठीच्या एका तरणतलावात पद्मिनी पोहायला शिकली. सुंदर नाही, पण तरंगण्यापुरती शिकली. मग उमामाने तिला कतीफच्या उथळ पाण्यात नेलं आणि मुद्दाम होडी उलटवली. पहिल्या वेळी नाकातोंडात पाणी गेलं, चष्मा गेला, आणि पद्मिनी किनाऱ्यावर बसून म्हणाली की आता पुरे. उमामा शेजारी बसून राहिली. आग्रह नाही, समजूत नाही. मग पद्मिनी स्वतःच उठली. त्यांची कयाक दोघींची, वर मोकळी बसण्याची. उलटली की तळाशी हात घालून पलटी करायची, पोटावर आडवं पडून वर सरकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. हे ती करत राहिली, ते अंगात मुरेपर्यंत. त्या दिवसांत तिची कोपरं कायम खरचटलेली असायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

तिवरांच्या बनातून ती पहिल्यांदा गेली तो हिवाळा होता. परत आली ती थेट माझ्या दारात, ओल्या केसांनी. "मंजू, पाणी काचेसारखं होतं गं. खाली खेकडे चाललेले दिसत होते. रोहित पक्षी इतक्या जवळ उभे होते की त्यांनी मान फिरवल्याचं कळत होतं. मी वल्हं मारलं की होडी पुढे जायची. माझ्या हाताने." शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली.

मग दर शनिवारी ती जाऊ लागली. उमामाने कयाकवर एक छोटंसं शीड बसवलं होतं, दुमडून ठेवता येईल असं. वारा पाठीमागून असला की ते उघडायचं आणि वल्ही मांडीवर ठेवून बसायचं. होडीच्या नाकाखाली पाणी सळसळायला लागलं की पद्मिनी ओरडायची. ते भीतीने की आनंदाने, असं मी विचारलं, तर म्हणाली, "वेगळं काढताच येत नाही."

शमाल म्हणजे अरबीत उत्तर दिशा, आणि उत्तरेकडून येणारा वाराही शमालच. उन्हाळ्यात तो धूळ आणतो. हिवाळ्यातला शमाल अचानक येतो आणि थंडी घेऊन येतो. उमामाचे वडील मुलीला नेहमी सांगायचे की दक्षिणेच्या वाऱ्याशी भांडता येतं, शमालशी येत नाही.

ती फेब्रुवारीतली गोष्ट. जुबैलच्याही उत्तरेला किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात वाळूचं एक बेट आहे. बेट कसलं, भरतीतही बुडत नाही एवढा वाळूचा उंचवटा. समुद्रपक्ष्यांचा तिथे मोठा मुक्काम असतो. दोघींनी तटरक्षकांची परवानगी घेतली होती. वारा संध्याकाळनंतर वाढेल असा अंदाज होता आणि दोघी दुपारच्या आत परतणार होत्या. सकाळी पाठीमागून वाऱ्याची मंद झुळूक होती. शीड उघडलं आणि कयाक निघाली. पद्मिनी पुढे, उमामा मागे. पद्मिनी सांगते, इतकं सोपं पाणी तिला कधी मिळालं नव्हतं. वल्हं बुडवायचीही गरज पडली नाही. बेटावर त्यांनी खजूर खाल्ले, पक्षी पाहिले, फोटो काढले.

वाऱ्याने फुकट नेलेलं अंतर परतताना हातांनी कापायचं होतं, हे दोघींना माहीत होतं. पण झुळूक मंद होती, म्हणून काळजी नव्हती. अर्ध्या वाटेवर आल्या तेव्हा उत्तरेला क्षितिजावर एक तपकिरी पट्टा दिसला. उमामाच्या वल्ह्याचा वेग वाढला, तेवढ्यावरून पद्मिनीला कळलं.

वारा आला तो एखादं दार धाडकन उघडावं तसा. समुद्राचा रंग बदलला. आधी छोट्या लाटा, मग त्यांची टोकं फुटून तोंडावर यायला लागली. वल्हं मारत होत्या आणि किनारा तिथेच होता. मग किनारा धुळीत दिसेनासा झाला. एक लाट बाजूने आली. होडी सावरायला उमामाने वल्हं उंच धरून पाण्यावर टेकवलं आणि लाटेने ते हातासकट मागे ओढून नेलं. पद्मिनीने मागून एक किंकाळी ऐकली आणि पुढच्याच क्षणी ती पाण्याखाली होती.

पाणी बर्फासारखं. श्वास आतच अडकला. वर आल्यावर तिला आधी होडी दिसली, उलटी, दूर जायला निघालेली. तिने तिची दोरी पकडली. मग उमामा दिसली. लाइफ जॅकेटमुळे ती तरंगत होती, पण चेहरा पांढराफटक, आणि उजवा हात भलत्याच कोनात. खांदा निखळला होता.

"उमामा, होडी धर. डाव्या हाताने."

"नाही जमत."

"जमतंय. धर."

पद्मिनीने तळाखालून हात घातले आणि होडी पलटी केली. पहिल्यांदा हात सटकले, दुसऱ्यांदा झाली. पोटावर पडून वर सरकली. मग उमामाच्या जॅकेटचे पट्टे धरून तिला ओढलं. उमामा ओरडत होती आणि पद्मिनी ओढत होती. त्या ओढण्याची आठवण निघाली की ती अजूनही तळहात एकमेकांवर चोळते. ज्या खांद्याने वर्षभरापूर्वी तिला वेणी घालू दिली नव्हती, त्याच खांद्याने तिने एक अख्खी बाई पाण्यातून वर घेतली.

किनाऱ्याकडे जाणं आता शक्य नव्हतं. वाऱ्याबरोबर मागे, बेटाकडेच जायचं होतं. ते बेट चुकलं तर पुढे उघडा समुद्र. आणि धुळीत बेट दिसत नव्हतं. होडीला दोरीने बांधलेलं वल्हं ओढून घेऊन पद्मिनी आता मागच्या जागेवर वल्हवायला बसली. उमामा तिच्या पुढ्यात अर्धवट आडवी होऊन, निखळलेला हात पोटाशी धरून, दात वाजत असताना दिशा सांगत होती.

"लाटेला पाठ द्या. आडव्या नका होऊ, उम्म अवनी."

"बेट कुठे आहे?"

"पाण्याचा रंग बघा. फिकट दिसेल तिकडे."

"सगळं सारखंच दिसतंय."

"दिसेल. मारत राहा."

पद्मिनी म्हणते की त्या वेळात तिला श्रीपाद आठवला नाही, अवनी आठवली नाही, देवही नाही. पुढचं वल्हं, बस. नंतर तिला याची जरा लाज वाटली. मी म्हटलं, "अगं, तेव्हा तुझा देव वल्ह्यातच असणार." ती हसली, पण तिला ते पटलं नसावं.

डावीकडे पाणी जरा हिरवट झालं. उमामाला ते आधी दिसलं. दोन-चार जोरकस फटक्यांत होडीचा तळ वाळूला घासला. पद्मिनी उतरली. मग उमामाला धरून वर नेलं, कयाक आडवी करून तिच्या आडोशाला बसवलं आणि स्वतःच्या ओढणीने तिचा हात छातीशी बांधला. ओढणी ओली होती, पण गाठ घट्ट बसली. प्लास्टिकच्या पिशवीतला फोन कोरडा निघाला, पण रेंज नव्हती. उमामाचे ओठ निळे पडले होते. तिच्यासारखी मुलगी, जिला पद्मिनीने कधी डगमगताना पाहिलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, "मला झोप येतेय."

"झोपायचं नाही. पायाची बोटं हलव. दहा वेळा. मोठ्याने मोज."

उमामा अरबीत मोजायला लागली. ती मोजतेय तोवर पद्मिनी उठली आणि उंचवट्यावर चढली. पलीकडून काही दिसतं का बघावं म्हणून. आणि बेटाच्या वारा न लागणाऱ्या बाजूला, धुळीतून, तिला एक डोलकाठी दिसली. मासेमारीची एक लाँच वारा ओसरायची वाट बघत नांगर टाकून उभी होती.

तिने लाइफ जॅकेट काढून हवेत फिरवलं. "हेल्प" म्हणून ओरडली, मग हिंदीत ओरडली. वारा शब्द उचलून भलतीकडे टाकत होता. शेवटी कसलाच विचार न करता तिच्या तोंडून निघालं, "अहो, कोणी आहे का? या हो! बाई मरतेय इथे!"

लाँचवर एक माणूस उभा राहिला. क्षणभर तसाच थांबला, आपण काय ऐकलं याची खात्री नसल्यासारखा. मग तोंडाभोवती हात धरून त्याने आवाज दिला, "अगो बाय! मराठी बोलताव तुमी?"

तो हुसेनमियाँ. कोकणातल्या बाणकोटचा. कतीफच्या एका कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या म्हणून कित्येक वर्षं काम करणारा. कमरेला दोर बांधून तो छातीभर पाण्यातून चालत आला. पद्मिनीला म्हणाला, "घाबरू नुको बाय, आता मी हाय." मग उमामाला बंदरावरच्या मोडक्यातोडक्या अरबीत, "बिंती, खलास, खलास." पोरी, संपलं आता. दोघींना त्याने एकेक करून लाँचवर नेलं. डिझेलचा आणि मासळीचा वास येणाऱ्या घोंगड्या, आणि साखर ओतलेला काळा चहा. पद्मिनीला त्याने तो बशीत ओतून दिला. "आमच्या घरी सोवळंओवळं फार," पद्मिनी मला सांगत होती, "पण त्या घोंगडीसारखी ऊब मला जन्मात मिळाली नाही."

लाँचच्या वायरलेसवरून त्याने तटरक्षकांना कळवलं. वारा जरा मवाळ झाल्यावर त्यांची बोट आली आणि दोघींना किनाऱ्यावर घेऊन गेली.

धक्क्यावर श्रीपाद उभा होता, कामावरच्याच कपड्यांत. शेजारी उमामाचे वडील. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण पद्मिनीने बोटीतून पाहिलं तेव्हा म्हाताऱ्याने श्रीपादचं मनगट धरून ठेवलं होतं. श्रीपादने तिचे ओले बूट काढले, पाणी निथळवलं आणि स्वतःच्या हातात धरून गाडीपर्यंत आला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मला पण पोहायला शिकायला हवं." एवढंच. आणि तो खरोखर शिकला. अजून पाण्यात डोकं घालताना डोळे गच्च मिटतो.

उमामाचा खांदा हॉस्पिटलमध्ये बसवला, पण पूर्ववत व्हायला उन्हाळा उजाडला. स्वतः फिजिओथेरपिस्ट असलेली बाई रुग्ण म्हणून किती वाईट असते, हे पद्मिनीने पाहिलं. व्यायाम टाळायची, चिडायची. पद्मिनी श्रीपादच्या मागे लागून आठवड्यातून दोनदा कतीफला जायची आणि तिच्या हातात काठी द्यायची.

"दुखतंय, की दुखेल असं वाटतंय?"

"हे माझं वाक्य आहे."

"आता माझंही आहे. उचल."

उमामाचे वडील या सगळ्यानंतर एकदा आमच्या इमारतीत आले होते, झाडावरून उतरवलेल्या ताज्या खजुरांची टोपली घेऊन. त्यांनी पद्मिनीला फक्त "उम्म उमामा" अशी हाक मारली. त्यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ चहा करत राहिली.

हुसेनमियाँचे आभार मात्र तिच्या मनासारखे मानून होईनात. बंदरावर जाऊन ती लाडूंचा डबा देऊन आली, तेव्हा तो संकोचून नुसता हसत राहिला. "माझी बायको इस्मत गावाला असते," म्हणाला. "तिला कुनीतरी सांगायला पायजे, मी हितं बरा हाय म्हनून. माझ्या सांगण्यावर तिचा भरवसा नाय." पद्मिनीने ते वाक्य डोक्यात ठेवलं. पुढच्या सुट्टीत नाशिकला गेल्यावर तिने श्रीपादला बाणकोटला न्यायला लावलं.

इस्मत ठेंगणी, डोळ्यांनी सतत काहीतरी मोजत असल्यासारखी. तिने तांदळाची गोड सांदणं वाढली. पद्मिनीने ठरवून आणलेलं सगळं बोलायला सुरुवात केली: तुमच्या माणसाने आम्हाला वाचवलं, तुमचे उपकार कसे फेडू. इस्मतने तिला मध्येच थांबवलं.

"ते दर्यावरचं कधी घरात बोलत नाहीत. इतकी वर्षं झाली, लाट म्हणून शब्द काढला नाही. त्या दिवशी फोन केला आणि म्हणाले, आज पाण्यावर आपली भाषा ऐकली. आधी वाटलं, माझ्या कानातच वाजतेय. मग दिसलं, बाई आहे, हाका मारतेय. मग रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. तू काय आभार मानतेस? मला माझा माणूस त्या दिवशी जरा मिळाला."

दोघी ओटीवर बसून राहिल्या. समोर खाडीतून माणसं आणि मोटारसायकली भरलेली फेरीबोट पलीकडे चालली होती. निघताना इस्मतने सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचं, एक पुडकं तिच्या हातात ठेवलं, कापडात बांधलेलं. "त्यांना दे. तिकडची कोलंबी त्यांना गोड लागत नाही."

गायधन्यांच्या घरात अंडंही शिजत नाही. ते पुडकं पद्मिनीने तीन पिशव्यांत गुंडाळून बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलं. दम्मामच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा अधिकाऱ्याने नाक मुरडून विचारलं, "हे काय?" आणि श्रीपाद, जो कधी पुढे होऊन बोलत नाही, तो म्हणाला, "आमच्या भावासाठी आहे." अधिकाऱ्याने हात हलवला. यल्ला, जा. पद्मिनीच्या साड्यांना तो वास पुढे कितीतरी दिवस होता, आणि तिने त्या धुवायची घाई केली नाही.

थंडी पडायला लागल्यावर उमामा पुन्हा पाण्यात उतरली, आणि पद्मिनीही. आता त्या आधी वाऱ्याच्या तोंडावर जातात, दमेपर्यंत, आणि परतताना शीड उघडतात. भीती गेली का, असं मी विचारलं. "नाही गं," ती म्हणाली, "ती येतेच बरोबर. पण आता मला तिची ओळख आहे, आणि माझ्या हातांचीही."

सोडे द्यायला ती कतीफच्या बंदरावर गेली तेव्हा मी सोबत होते. जाळी वाळत पडली होती आणि हुसेनमियाँ लाँचच्या कठड्यावर बसून एक दोर सोडवत होता. त्याने पुडकं हातात घेतलं. कापडाची गाठ बघितली, बराच वेळ. सोडली नाही. नुसतं नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

मग आम्हा दोघींना बसायला एक खोकं पुढे सरकवून म्हणाला, "बसा बाय. चाय पिऊन जावा."